हसीनाचा खोकला

केडगाव स्टेशनाच्या पलीकडच्या अंगाला, जिथं उसाची वावरं घरांना येऊन टेकतात, तिथं सिंधूबाईचं घर होतं आणि घरामागं पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये ती आणि तिची शेजारीण हसीना, दोघी मिळून कांदा-लसूण मसाला करायच्या. सिंधूबाईनं भाजायचं, हसीनानं कांडायचं. हसीनाचा नवरा अल्लाबक्ष टेम्पो चालवायचा. त्यानं एकदा चौफुल्याच्या एका ढाब्यावर घरचा डबा उघडला, ढाबेवाल्यानं बोट लावून चाखलं, आणि तिथून हा धंदा सुरू झाला. सिंधूबाईच्या नवऱ्यामागं अल्लाबक्षही गेला आता. पण मसाला पार यवत-कासुर्डीपर्यंतच्या घरांत पोचला होता.

सिंधूबाईच्या नाकाची लोक गोष्ट सांगायचे. कढईत धने पडले की ही खुशाल पाठ करून उभी राहायची, कुणाच्या लग्नाचं नाहीतर कुणाच्या भांडणाचं सांगत राहायची, आणि बोलता बोलता मागं वळून कढई उतरवायची. धने तेवढ्यालाच झालेले असायचे. ना कच्चे, ना करपलेले.

मग करोनाच्या दुसऱ्या लाटेत तिला ताप आला. ताप गेला, गेलेला दमही परत आला, पण वास काही परत आला नाही. आठवडाभरात येईल म्हणता म्हणता महिने गेले. फोडणी पडली तरी काही नाही, देवापुढं उदबत्ती लावली तरी काही नाही. तिखटाचा ठसका लागायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, मीठ जास्त झालेलं कळायचं. पण जिरं जळतंय की खमंग होतंय, ते कळेना. तिनं कुणाला सांगितलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, हसीनालाही नाही. भाजणाऱ्या बाईचं नाक गेलं हे गावात कळलं की मसाला कोण नेणार, असं तिला वाटायचं. आणि खरं सांगायचं तर भीती धंद्याची कमी होती. नाक नसलेली सिंधू म्हणजे कोण, हेच तिला उमगत नव्हतं.

ती रंगावर भाजायला लागली. तीळ तडतडून सांगायचे, खसखस उलथण्याखाली सुटी व्हायची. घोळ होता तो धन्यांचा आणि खोबऱ्याचा. पत्र्याच्या शेडमधल्या अंधुक उजेडात त्यांचा रंग फसवायचा.

पण त्याच दिवसांत, देवाची करणी म्हणा, हसीनाला खोकला लागला. ती कढईशेजारी पाटावर बसून खोबऱ्याचे काप करायची, आणि धने व्हायच्या बेताला आले की तिच्या घशात खवखवायचं. सिंधूबाईनं दोन-चार घाण्यांतच हे हेरलं. हसीना खोकली की कढई उतरवायची. एकदाही चुकलं नाही. मैत्रिणीच्या दुखऱ्या घशावर आपण धंदा चालवतोय याची तिला लाज वाटायची. ती हसीनाला ज्येष्ठमधाची कांडी द्यायची, आणि देता देता मनात यायचं, हिचा खोकला बरा झाला तर माझं कसं होणार? मग स्वतःलाच चार शिव्या घालून ती आणखी एक कांडी द्यायची.

असे दिवस चालले असताना एका दुपारी हसीना धावतच शेडमध्ये आली. तिची लेक रुबी सोलापूरला दिली होती. लग्नाला बरीच वर्षं झाली, एकदा राहिलेलं टिकलं नाही, पाळणा हलला नव्हता.

“सिंधे, रुबीला दिवस गेलेत! पण डॉक्टरनं पडून राहायला सांगितलंय. तिच्या सासूचं गुडघं धरल्यात. नणंद हाय दोन महिनं, मग मलाच जावं लागतंय. एकदा गेले की बाळानं जरा बाळसं धरल्याबिगर काय यायची न्हाई.”

सिंधूबाईनं तिला मिठी मारली, तोंडात गुळाचा खडा घातला. आनंद खराच होता. पण आता कढईपाशी खोकणार कोण, हा धसकाही खराच होता.

दुसऱ्या दिवशी हसीनानं आणखी एक काढलं. “शिरूरला मसालेवाल्यांचं ट्रेनिंग हाय. तुझ्या सारिकाच्या मोबाईलवर आलंय. भाजायचं मशीन, कांदा वाळवायचं ड्रायर, समदं दाखवत्यात. आपुन जायचं.”

सिंधूबाई उलथणं हातात धरून तिच्याकडं बघतच राहिली. मिक्सरला हात लावायलाही जी कुरकुरायची, ती ही हसीना?

“आपल्याला काय करायचंय मशीन? माझा हात काय झिजला काय?”

“हात झिजला म्हणलं का मी?”

“मग?”

“मग काय न्हाई. मी न्हाई तवा तुला सोपं पडंल.”

“म्हंजी मला मशीनच्या हवाली करून चाललीस.”

हसीना खोबरं कापत राहिली. सून सारिका दारात उभी होती, तीही म्हणाली, “जाऊन तर बघा आत्या. न्हाई पटलं तर घरी या.” दोघी एक झाल्या की सिंधूबाईचं काही चालायचं नाही. पण ती रुसली ती रुसलीच. चौफुल्यावरून शिरूरची एसटी धरली तेव्हासुद्धा तिनं हसीनाला खिडकी दिली नाही. पारगावच्या पुलावर हसीना म्हणाली, “नदीला पाणी बघ किती.” सिंधूबाई म्हणाली, “मला न्हाई बघायचं. तूच बघ.” मग न्हावऱ्याला हसीनानं पिशवीतून शेंगदाण्याची चटणी-भाकरी काढून निम्मी तिच्या मांडीवर ठेवली, आणि तिनं ती खाल्ली. तेवढाच समझोता झाला.

ट्रेनिंग एका मंगल कार्यालयात होतं. शिकवायला गौतमी नावाची तरुण मुलगी होती. अन्नप्रक्रियेचं शिकलेली, पांढरा कोट, केसांवर जाळी. तिनं सगळ्या बायकांना तशाच जाळ्या घालायला लावल्या, तेव्हा हसू फुटलं. हसीनाच्या पदरावर जाळी बसेना. सिंधूबाईनंच शेवटी ती नीट करून दिली, अजून रुसलेली होती तरी.

गौतमीचं बोलणं सरळ होतं. कांदा उन्हात गच्चीवर टाकला की धूळ बसते, ढग आले की बुरशी धरते. ड्रायरच्या जाळीवर तोच कांदा एका दिवसात कुरकुरीत होतो. तिनं मूठभर वाळलेला कांदा सगळ्यांच्या हातावर ठेवला. सिंधूबाईनं तो बोटांत चुरला. पापडासारखा मोडला. तिला आवडलं, पण तिनं तसं दाखवलं नाही. मग भाजायचं यंत्र आलं. पिंपासारखं, आडवं, खाली गॅस, आपोआप फिरणारं, आणि पुढं एक काटा. आत किती तापलंय ते काटा सांगायचा.

जेवणाच्या आधी गौतमीनं झाकणाच्या छोट्या वाट्या वाटल्या. “प्रत्येकीत धने आहेत, वेगवेगळे भाजलेले. बघायचे नाहीत. झाकण थोडं उघडून नुसता वास घ्या आणि सांगा, कुठले बरोबर झालेत.”

वाट्या रांगेत पुढं सरकत होत्या. बायका डोळे मिटून हुंगत होत्या, एकमेकींना कोपर मारत होत्या. पळून जावं असं सिंधूबाईला वाटलं. लघवीला जाते म्हणावं का? पण तोवर पहिली वाटी हातात आली. तिनं झाकण उघडलं, नाक नेलं. वारा हुंगावा तसं. दुसरी वाटी, तेच. तिसरी वाटी तिच्या हातात होती, आणि शेजारी बसलेली हसीना खोकली.

नेहमीचाच खोकला. घसा खाकरल्यासारखा, छोटा, दोन ठोक्यांचा.

सिंधूबाईचा हात तसाच राहिला. इथं चूल नव्हती. धूर नव्हता. वर पंखे गरगरत होते, खिडक्या सताड उघड्या होत्या. मग हिच्या घशाला काय झालं?

तिनं मान वळवून बघितलं. हसीना समोर गौतमीकडं बघत होती, पदराचा बोळा तोंडाशी धरून. डोळे मात्र पाण्यानं भरले होते. खोकल्याचं पाणी नव्हतं ते.

“तिसरी,” सिंधूबाई म्हणाली.

“बरोबर!” गौतमी म्हणाली. “अगदी बरोबर, काकू.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. सिंधूबाईला त्या लांबून कुठूनतरी ऐकू आल्या.

जेवायला सुटल्यावर दोघी कार्यालयामागच्या लिंबाखाली जाऊन बसल्या. पत्रावळ्या समोर, भात निवत चाललेला. सिंधूबाईनं विचारलं.

“कवापासनं ठावं हाय तुला?”

“पयल्यापासनं.”

“पयल्यापासनं म्हंजी?”

“तू तापातनं उठलीस, आन् पयला घाणा टाकलास. धने काळे पडले, शेडमंदी धूर, आन् तू माझ्याकडं बघून हसत सांगत हुतीस का बबनच्या म्हशीनं रेडकू दिलं. मला तवाच कळलं.”

सिंधूबाईला तो दिवस आठवला. “पर तो घाणा तर मांजरानं सांडला हुता. तूच म्हणालीस. मांजरानं परात सांडली म्हणून.”

“कसलं मांजर. मीच फेकला उकिरड्यावर.”

“आन् खोकला?”

“तुला ‘उतर’ म्हणून सांगितलं असतं तर तुला लागलं असतं.”

सिंधूबाई तिच्याकडं बघत राहिली. एवढे दिवस ही बाई हिवाळ्या-उन्हाळ्यात, दर घाण्याला, खोटं खोटं खोकत आली होती. वर ज्येष्ठमधाच्या कांड्या चघळत आली होती.

“आगं, तुला ज्येष्ठमध आवडत बी न्हाई!”

“थू! कडू-गोड, कसलं ते. कुत्रं खायाचं न्हाई.”

सिंधूबाईला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं, आणि मग कुठलं काय ते कळेना. हसीनानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

“मग बोलली का न्हाईस?” सिंधूबाईनं डोळे पुसत विचारलं.

“तू सांगशील तवा ऐकावं म्हणलं. तुझं दुखणं तुझं हाय. पर आता रुबीकडं जायाचं, तर माझा जीव लागंना. तिकडं माझी पोर, हिकडं तू. सोलापुरातनं मी कशी खोकू? म्हणून ह्या मशीनच्या मागं लागले. तुझा हात काढून घ्यायला न्हाई गं.”

“मला तसंच वाटलं.”

“ठावं हाय. एसटीत खिडकी न्हाई दिलीस.”

जेवण झाल्यावर सिंधूबाई आपण होऊन हसीनाला घेऊन गौतमीपाशी गेली. तिला वाटलं होतं बोलायला फार जड जाईल, पण एकदा बोलल्यावर वाक्य आपोआप सुटलं. “मॅडम, मघाशी टाळ्या वाजवल्या त्या हिच्यासाठी वाजवा. मला वास येत न्हाई. तापापासनं गेला. तिसरी वाटी हिनं खोकून सांगितली.”

गौतमीनं डोळे मोठे केले नाहीत की अरेरे म्हटलं नाही. तिनं खुर्ची ओढून सिंधूबाईला बसवलं. “माझ्या बाबांचाही गेला होता, काकू. थोडा आला, सगळा नाही आला. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. रोज सकाळी लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी, एकेक करून हुंगायचं, मन लावून, जुना वास आठवत. येईलच असं नाही सांगू शकत.” मग तिनं यंत्राच्या काट्यावर बोट ठेवलं. “पण तोवर भाजणं थांबवायची गरज नाही. तुमच्या हाताचा मसाला कसा असतो ते तुम्हाला माहितीय. यांच्या नाकाला माहितीय. ते या काट्याला शिकवा. काटा कुठं जात नाही.”

घरी आल्यावर सिंधूबाईनं रात्रीच्या जेवणाला सगळ्यांना सांगितलं. मुलगा गोकुळ कोरेगाव भीमाच्या कंपनीतून नुकताच आला होता, त्यानं ताट बाजूला सारलं. “आई, एवढं मोठं, आन् एकटीनं?” एवढंच म्हणाला. सारिका तिच्या जवळ सरकली. “म्हणून तुम्ही देवापुढं डबल उदबत्त्या लावत हुता व्हय,” ती म्हणाली, आणि सगळी हसली.

यंत्राचं अनुदान, बँक, सही-शिक्के सगळं सारिकानं पाहिलं. यंत्र आलं आणि हसीनाच्या जाण्याआधीचे ते दिवस शेडमध्ये कामाचे गेले. पिंप फिरायचं, धने आत सळसळायचे. हसीना झाकणाशी नाक घेऊन उभी. सिंधूबाई चमच्यानं चार दाणे काढायची, तळहातावर चोळायची, दाताखाली फोडायची. जीभ तिला जेवढं सांगायची तेवढं ऐकायची. सारिका काट्याशी.

“झालं!” हसीना म्हणायची.

“अजून जरा,” सिंधूबाई म्हणायची. “दाणा चिवट लागतोय. माझ्या धन्याचा कुडूम आवाज यायचा.”

“आगं वास आला की!”

“वास तुझा, आवाज माझा. थांब.”

दोघींचं जमलं की सारिका काट्याच्या काचेवर तिथंच नेलपॉलिशचा ठिपका द्यायची. धन्याला गुलाबी, खोबऱ्याला लाल, तिळाला तिच्याकडच्या जुन्या बाटलीतला चमकी निळा. कधी भांडण व्हायचं, कधी घाणा वाया जायचा. एकदा मिरची जास्त तापली आणि तिघी शिंकत शिंकत उसात पळाल्या. शिंकताना सिंधूबाईच सगळ्यांत पुढं होती. “वास न्हाई, पर ठसका हाय म्हणा,” ती डोळे चोळत म्हणाली. त्या दिवसांत ती जेवढी हसली तेवढी तापानंतर हसली नव्हती. लपवण्याचं ओझं किती होतं, ते उतरल्यावर कळलं.

हसीनाची गाडी दौंडहून होती. सिंधूबाई स्टेशनावर सोडायला गेली. पिशवीत डिंक, खारका, गोडंबी, आणि रुबीसाठी शिवलेली मऊ दुपटी. फलाटावर हसीनानं एकाएकी सिंधूबाईचा हात धरला. हसीनाचा हात थंड पडला होता.

“सिंधे, मला भ्या वाटतंय. ह्या बारीला नीट होईल ना तिचं?”

आतापर्यंत सिंधूबाई स्वतःचंच धरून बसली होती. हसीनाच्या मनात इतके दिवस काय चाललं असेल, हे तिला आत्ता दिसलं. तिनं तो थंड हात दोन्ही हातांत घेतला, चोळून चोळून गरम केला. “हुईल. तू हायेस ना तिच्यापाशी. तू ज्याच्यापाशी बसतीस त्याचं करपत न्हाई.”

गाडी आली. हसीनाला तिनं खिडकी मिळवून दिली, धक्काबुक्की करून.

पहिला एकटीचा घाणा टाकायला सिंधूबाईनं दोन दिवस चालढकल केली. तिसऱ्या दिवशी सारिकानं गॅस पेटवला आणि म्हणाली, “आत्या, धने घ्या.” पिंप फिरायला लागलं. सिंधूबाईचे डोळे काट्यावर, कान पिंपाला. सवयीनं ती मध्येच थांबली, कुणीतरी खोकेल म्हणून. कुणी खोकलं नाही. नुसती सळसळ, आणि लांब स्टेशनावर कुठल्याशा गाडीचा भोंगा. काटा ठिपक्याला लागला. तिनं चार दाणे काढून चावले, मान हलवली, आणि दांडा ओढला. परातीत धने पडले ते तिच्या ओळखीच्या आवाजात पडले. तिनं सारिकाकडं बघितलं. सारिका नाक पुढं करून उभी होती, आणि तिचा चेहरा उजळला होता.

ढाबेवाल्यांनी मसाला नेला. कुणी काही बोललं नाही, आणि या धंद्यात कुणी काही न बोलणं हीच शाबासकी. रोज सकाळी ती चार बाटल्या घेऊन ओट्यावर बसायची. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. कधी लवंगेपाशी काहीतरी हलल्यासारखं वाटायचं, दारात कुणी उभं राहून परत जावं तसं. बाकी काही नाही. तरी ती बसायची.

रुबीला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. गोकुळच्या कंपनीतला एक जण सोलापूरचा होता, त्याच्या हातानं सिंधूबाईनं बाळाला झबली धाडली आणि खाली मसाल्याचा एक पुडा. पुडा पोचल्याचं कळलं त्या दिवशी ती सकाळपासून फोनपाशी घुटमळत होती. दुपारी हसीनाचा फोन आला. सारिकानं तो शेडमध्येच आणून स्पीकरवर टाकला.

“पुडा मिळाला,” हसीना म्हणाली. “आत्ताच फोडला. आमटी केली.”

“मग?”

पलीकडं भांड्याचा आवाज आला, भुरका आला. सारिकानं श्वास धरला होता.

“धने चांगले झाल्यात. तीळ बी. खोबरं कच्चं राहिलंय.”

सारिकाचं तोंड पडलं. पण सिंधूबाई पाटावर बसल्या बसल्या मोठ्यानं हसली, हसत राहिली.

“आगं हसतीस काय? खरंच कच्चं हाय.”

“म्हणूनच हसतीया. लई दिसांनी मला कुणी नाव ठेवलं. नुसतं सांभाळून घेत हुतीस गं तू. उद्याच्याला खोबऱ्याचा ठिपका पुढं सरकवते. आता पोरीचं सांग. कुणावर गेलीय?”

“नाक माझं हाय. रंग रुबीचा. लई शांत बाळ हाय, सिंधे. आत्ता मांडीवर झोपलीय. तिच्या टाळूचा असा वास येतो ना...” आणि हसीना एकदम थांबली. “ऱ्हाऊ दे.”

सिंधूबाईनं फोन हातात घेतला, स्पीकर बंद केला आणि तो कानाला लावला. “का ऱ्हाऊ दे? सांग. कसा येतोय?”

“आता कसा सांगू?”

“सांग की. सावकाश. मला कुठं जायचंय?”

हसीना बोलायला लागली. ऊन ऊन भाताच्या वाफेसारखा, म्हणाली. मग म्हणाली, न्हाई, तसा न्हाई. उन्हात वाळलेल्या मऊ धुण्यासारखा, आन् त्यात जरासं खोबरेल, जरासं दूध. कानामागं वेगळा येतो. मानेच्या वळीत आणखी वेगळा. ती शब्द शोधत राहिली, चुकत राहिली, पुन्हा पहिल्यापासून सांगत राहिली. सिंधूबाई पाटावर डोळे मिटून बसली होती. सारिकानं पिंपाखालचा गॅस बारीक केला आणि आवाज न करता बाहेर गेली.

“कळतंय का?” मध्येच हसीनानं विचारलं.

“कळतंय,” सिंधूबाई म्हणाली. “आन् पायांचा?”